दीड बोट हवा

सकाळी मी दात घासत असतानाच खालून हाक यायची, "मास्तरीणबाई, आज दीड बोट!"

तोंडातला फेस सांभाळत मी खिडकीतून वाकायचे. "आणि काल?"

"कालही दीडच. पण आजचं दीड जरा भरीव वाटतंय."

नव्या माणसाला वाटायचं, पावसाचं चाललंय. किंवा दुधावरच्या सायीचं. छे हो! हे हवेचं माप. आमच्या घरमालकांच्या मोटारीत एअरकंडिशन होतं, आणि त्याची हवा किती जोरात येते ते काका बोटांनी मोजायचे. का मोजायचे, तर त्यामागे एक अख्खा रुसवा होता. तोच तर सांगायचाय! पण थांबा, आधी माणूस सांगते, नाहीतर मी धावत सुटेन आणि तुम्ही मागे राहाल.

मी तेव्हा नगरला एका शाळेत नवी नवी लागले होते आणि सावेडीत यांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. सावेडी म्हणजे गावाबाहेरचंच प्रकरण. चार बंगले, मग माळ, मग दोन बंगले, मग पुन्हा माळ. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर साखळी घेऊन लोकांची शेतं मोजली, ती सवय हातातून जाईना. कोथिंबिरीची जुडीसुद्धा वितीनं मोजून घ्यायचे. भाजीवाली म्हणायची, "काका, कोथिंबीर हाय ती, जमीन न्हाई." मला खोली दाखवताना त्यांनी आधी दाराची उंची सांगितली, मग माझ्याकडे नखशिखान्त बघून म्हणाले, "तुम्हाला पुरेल." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मोजल्याशिवाय बोलू नये आणि मोजल्यावर गप्प बसू नये." दुसरा भाग तर ते फारच मनापासून पाळायचे.

आणि ती गाडी! अमेरिकन, जुनी, मोरपंखी रंगाची, एवढी लांब की फाटकातून आत आली की बराच वेळ येतच राहायची. कुठल्याशा छोट्या संस्थानिकाकडून लिलावात निघालेली. पेट्रोल पिते म्हणून कुणी तिला हात लावेना, काकांनी लावला. घरात ते पायजमा-बनियनवर असायचे, पण गाडीखाली शिरायचं असलं की कोट चढवायचे. मे महिन्यात, पाठ टेकून, कोट घालून, गाडीखाली! मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मोठ्या घरातली आहे ती. तिच्यासमोर बनियनवर जायचं म्हणजे..." आणि पुढचं त्यांना सांगवेना.

थंड हवेचं सगळं यंत्र होतं डिकीत. मागच्या सीटवर बसलं की डोक्यामागे एक फळी, त्या फळीवर पितळी जाळ्या, आणि त्या जाळ्यांतून गार हवा वर यायची. म्हणजे यायला हवी होती. डिकीतल्या पंख्याची मोटर गाडी आली तेव्हाच जळालेली होती. विहिरीवरच्या मोटारी बांधणाऱ्या एका माणसाकडून काकांनी तिचं वाइंडिंग करून घेतलं, गॅस भरून आणला, चालू केलं, तर हवा गार, अगदी फ्रीजसारखी गार, पण जोर नाही. म्हाताऱ्या मांजरानं सोडलेल्या उसाशासारखी यायची.

आता बोटाचं माप. काकांना तपकिरीची सवय होती. कोटाच्या खिशात डबी. रोज सकाळी गाडी चालू करून ते जाळीवर तपकिरीची चिमूट ठेवायचे आणि डोळा जाळीला समांतर लावून बघायचे, ती किती उंच उडते. शेजारी आपलं बोट आडवं धरायचे. दीड बोट. दीड बोटाच्या वर ती कधी गेलीच नाही. आणि मला दिसायचं की थोडीशी वर उडायची, पण बरीचशी गपगुमान जाळीतून खालीच जायची. पण मोजणी खात्याला कोण शिकवणार!

आणि लागायची किती? एक वीत. हा आकडा काकूंनी दिलेला होता.

काकू मूळच्या कर्जतच्या, बागायतदाराच्या घरातल्या. आवाज असा की आमच्या घरातून बोलल्या तर पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा उठून बसायचा. मी राहायला जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं लग्न होतं कर्जतला. काकांनी ठरवलं, बायकोला माहेरी थंड हवेत न्यायचं, राणीसारखं. काकू पैठणी नेसून मागं बसल्या. काकांनी सगळ्या काचा वर केल्या. सावेडी सुटली, नगर सुटलं, उन्हानं पत्रा तापायला लागला, आणि जाळीतून येतोय तो उसासा.

"अहो, काच खाली करा."

"थंड हवा बाहेर जाईल."

"कुठंय थंड हवा?"

"येतेय. दीड बोट आहे."

असं कर्जतपर्यंत! काकूंनी हे मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना प्रत्येक वेळी पदरानं मानेचा घाम पुसलाय, थंडीत सांगितलं तरी. मांडवाच्या दारात उतरल्या तेव्हा कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर, पैठणी पाठीला चिकटलेली. सगळं वऱ्हाड दारात. आणि त्यांचा धाकटा भाऊ, बापू, सगळ्यांदेखत म्हणाला, "आक्का, दाजींनी तुला उकडून आणली का गं?"

हसले सगळे. काकासुद्धा हसले. तिथंच घात झाला.

काकूंनी मांडवातच सांगून टाकलं, "त्या हवेनं माझा पदर वीतभर हलंल, त्याच दिवशी मी त्या गाडीत पाय ठेवीन. तवर न्हाई." आणि नाही म्हणजे नाही! बाजाराला टांगा, देवळात पायी, माहेरी एस.टी. एरवी नवरा-बायकोचं छान चालायचं हं. जेवताना गप्पा, संध्याकाळी झोपाळा, काका त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पण गाडीबद्दल काकू काकांशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. बोलायचंच झालं तर माझ्यामार्फत. काका समोर पाटावर बसलेले असायचे आणि काकू मला सांगायच्या, "ह्यांना म्हनावं, तुमच्या त्या म्हशीखालनं तेल गळतंय."

मी काकांना सांगायचे, "काका, तेल गळतंय."

काका मला म्हणायचे, "तिला सांगा, बघितलंय."

मी मधे बसून आमटी-भात खायचे. मला तर फार आवडायचं ते.

काकांनी काय काय करून बघितलं! जाळ्या सोडून रिठ्याच्या पाण्यात धुतल्या. हवेच्या नळीतून लिंबाचा पाला काढला, घमेलंभर. मग उंदराचं घरटं निघालं, त्यात काकांचाच हातरुमाल कुरतडून अंथरलेला. काकांना राग नाही आला, म्हणाले, "जागा चांगली निवडली. थंड, पण वारा नाही." नळीचे सांधे काकूंच्या जुन्या लुगड्याच्या काठांनी आवळून बांधले. पट्टा ताणला. प्रत्येक उपायानंतर कोट, चिमूट, बोट. दीड.

एक गंमत मात्र व्हायची. हवा कमी म्हणून गारवा सगळा डिकीतच साठायचा, आणि गाडी बराच वेळ चालली की आतल्या नळ्यांवर बर्फ धरायचा. खराखुरा बर्फ! काका तो चमच्यानं खरवडून वाटीत घ्यायचे आणि गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरायचे. "बघा, यंत्र निर्दोष आहे. बर्फ होतोय. फक्त वाहतूक बंद आहे." एकदा काकूंना घेरी आली तर पळत जाऊन तो बर्फ रुमालात घालून घडी करून आणली आणि त्यांच्या कपाळावर धरली. काकूंनी डोळे मिटूनच मला विचारलं, "कुठला गं बर्फ?" मी सांगितलं. काकूंनी हात वर करून घडी काढली नाही.

पंखा उलटा तर फिरत नसेल, ही शंकासुद्धा काकांनीच काढली होती आणि काकांनीच निकालात काढली होती. मला झोपाळ्यावर बसवून समजावलं, "छताचा पंखा उलटा फिरवा, वारा वर जातो. बरोबर? मग हा उलटा असता तर हवा आत ओढली गेली असती. इथे हवा बाहेर येतेय. म्हणजे पंखा सुलटा. पुढचा मुद्दा." मला पटलं. तुम्हालाही पटलं ना? तेच तर!

आता एस.टी.चं ऐका. काकू दर उन्हाळ्यात माहेरी जायच्या आणि परत आणायला काका जायचे, गाडी घेऊन. काकू बापूमामांच्या घरून निघायच्या, रस्त्यावर येऊन एस.टी.त बसायच्या. आणि काका ती एवढी मोठी रिकामी गाडी घेऊन एस.टी.च्या मागे मागे यायचे, नगरपर्यंत! एस.टी. थांबली की थांबायचे, सुटली की सुटायचे. काचा बंद. कोट अंगात. कंडक्टर काकूंना म्हणायचा, "मावशी, तुमचं वऱ्हाड मागनं येतंय." काकू खिडकीतून मागं बघायच्या नाहीत. पण नेहमी मागच्याच सीटवर बसायच्या, हे कंडक्टरनं मला सांगितलंय.

तर त्या वर्षी मला सुट्टी होती आणि काकूंचा निरोप आला होता, लिंबाच्या लोणच्याला ये. म्हणून मी काकांबरोबर गाडीतून कर्जतला गेले. मी मागं बसले. उकडून निघाले. काकूंचं सगळं खरं होतं.

पोचलो तर बापूमामांच्या तोंडावर बारा वाजलेले. लिंबाची बाग ऐन उन्हाळ्यात तहानलेली, त्या वर्षी पावसानंही दगा दिलेला, आणि सकाळपासून विहिरीवरच्या मोटारीला पाणीच नीट येईना. आम्ही सगळे विहिरीवर गेलो. मोटर घूं घूं करत होती, पाइपातून करंगळीएवढी धार.

काका म्हणाले, "पाणी आटलं का रे विहिरीचं?"

"न्हाई ओ दाजी, पानी हाय. काल वायरमन पोलावर चढला हुता. तारा हिकडच्या तिकडं जोडून गेला आसंल. मोटर उलटी फिरतीया, म्हनून शेळी मुतल्यावानी..."

"बापू!" काकू ओरडल्या. "मास्तरीण उभी हाय."

"मास्तरणीनं शेळी बघितली न्हाई का?" म्हणत मामांनी मोटर बंद केली, पेटीतल्या दोन तारांची अदलाबदल केली आणि खटका दाबला. आणि भस्सकन पाणी! मांडीएवढा लोट, पाटात उडी मारून पडला. बायका हसत मागं सरकल्या. मी भिजले.

काका हलले नाहीत. त्यांचा चेहरा असा झालेला की मला वाटलं, ऊन लागलं.

"बापू," ते हळू म्हणाले, "मोटर उलटी फिरत होती."

"व्हय."

"तरी पाणी बाहेरच येत होतं?"

"मग काय आत जाईल व्हय दाजी? पंपाचा पंखा उलटा फिरला तरी पानी बाहेरच फेकतो. नुसता जोर जातो त्याचा. हे तर समद्या गावाला ठाव हाय."

"पुन्हा उलटी कर."

"आँ?"

"एकदाच. बघायचंय."

"दाजी, आत्ता कुठं पानी लागलंय बागंला!"

पण काकांनी हात जोडले हो! मामांनी कपाळाला हात लावून तारा बदलल्या. बारीक धार. पुन्हा बदलल्या. लोट. काकांनी धारेशेजारी बोट धरलं, मग लोटाशेजारी वीत धरली, आणि पाण्यातून, चिखलातून, कोटाचं टोक भिजवत पळत सुटले घराकडे. कारण डिकीतला पंखाही तसाच होता, छताच्या पंख्यासारखी पाती नाहीत, खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल, कडेनं पट्ट्यापट्ट्यांचा. उलटा फिरला तरी हवा बाहेरच, फक्त जोर गेलेला. वाइंडिंगवाल्यानं जोडणीच उलटी केली होती, आणि काका एवढे दिवस उंदराला दोष देत होते!

घरी पानं वाढलेली होती. काका डिकीत. काकूंनी एकवार तिकडं बघितलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांना सांग, माझी यष्टी चारची हाय."

मी जाऊन सांगितलं. काकांनी डिकीतूनच हात हलवला. पंख्याच्या मोटारीच्या दोन तारा त्यांनी मामांसारख्याच बदलल्या होत्या. गाडी चालू केली. चिमूट ठेवली. बोट धरलं.

दीड.

मी बघत होते ना, त्यांचा हातच खाली पडला. फळीवर कपाळ टेकून बसून राहिले. बापूमामा दारातून म्हणाले, "दाजी, जेवून घ्या. व्हईल पुढच्या वर्सी." त्या 'पुढच्या वर्सी'नं काय झालं कुणास ठाऊक, काका उठले. कोट काढला! मी पहिल्यांदाच त्यांना गाडीसमोर बनियनवर बघितलं. म्हणाले, "मास्तरीणबाई, ही विहिरीवरची मोटर नाही, बॅटरीवरची आहे. हिच्या बाहेरच्या तारा बदलल्या तर आतली दोन्ही वेटोळी एकदमच उलटतात, फिरणं तेच राहतं. आतली जोडणी बदलायला हवी." आणि अख्खी मोटर सोडून ओसरीवर घेऊन बसले.

काकूंनी पिशवी उचलली, भावाच्या मुलांच्या हातावर खाऊ ठेवला, आणि ओसरीवरून जाताना काकांच्या शेजारी क्षणभर थांबल्या. मला वाटलं, बोलतात. त्यांनी वाकून काकांचा कोट उचलला, झटकला, खुंटीला लावला आणि रस्त्याकडे निघाल्या. मीही पिशवीचा एक कान धरून त्यांच्याबरोबर. माझं अर्धं लक्ष मागे.

आज त्या हळू चालत होत्या. मी नुसतं सांगतेय.

एस.टी. आली, धूळ उडवत. कंडक्टरनं दार उघडलं. "या मावशी! आज वऱ्हाड दिसंना मागं?" काकूंनी पायरीवर पाय ठेवला, आणि भोंगा ऐकू आला. तो भोंगा नव्हताच, हंबरडा होता. मोरपंखी गाडी, डिकीचं झाकण उघडंच फडफडतंय, आणि आत काका बनियनवर. एस.टी.ला आडवी घातली. उतरले. हात काळे, कपाळ काळं. मागचं दार उघडून नुसते उभे राहिले.

"लावून बघितलं का?" काकूंनी विचारलं. माझ्याकडे नाही, सरळ काकांकडे बघून! गाडीबद्दल! माझी नोकरी गेली तिथंच.

"वेळ नव्हता," काका म्हणाले. "फिरते सुलट, एवढं बघितलं. हवा मोजलेली नाही."

न मोजता बोलले, बघा!

काकूंनी पायरीवरचा पाय काढला. "कंडक्टर, जरा थांबा हं. न्हाई हलला तर परत येतेच." एस.टी.तली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांना. बस कलली असेल. काकू मागच्या सीटवर ताठ बसल्या, पदर खांद्यावरून मोकळा सोडला. मी शेजारी. काकांनी पुढून खटका दाबला.

आधी घर्रर्र झालं. मग जाळीतून जो काही लोट उठला!

आणि त्या लोटाबरोबर, अहो, रोज सकाळी चिमूट चिमूट करून खाली गेलेली काकांची सगळी तपकीर उठली. तपकिरी ढग! छताला आपटला आणि आमच्यावर उतरला. मी शिंकले, काकू शिंकल्या, वाकून बघणारा कंडक्टर शिंकला, एस.टी.त एक बाई आपल्या कोंबडीसकट शिंकल्या अशी माझी खात्री आहे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, काकूंच्या अंबाड्यावर तपकीर, भुवयांवर तपकीर, आणि काका पुढच्या सीटवरून मागं वळून, एवढंसं तोंड करून, "हलला का? अगं, पदर हलला का?"

"हा... हा..." काकूंना बोलताच येईना. मी बघितलं. पदर वीतभर काय, हातभर उडून माझ्या तोंडावर बसला होता.

"हाक्छी! हलला!" काकू ओरडल्या. "जाऊ द्या ओ तुमची यष्टी!"

एस.टी.तल्यांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरनं डोळे पुसत घंटी दिली आणि एस.टी. आमच्या गाडीला वळसा घालून निघाली. मी खाली उतरून डिकी लावली. मग आम्ही निघालो आणि पुढच्या वळणावर त्या एस.टी.ला मागे टाकलं. काकांनी आरशात बघून तिला हात केला, जुनी ओळख असल्यासारखा.

गार वारा मानेवर नुसता धो धो येत होता. पण तपकिरीचा वास काही जाईना, आणि काकू अजून शिंकत होत्या. त्यांनी काचेकडे बघितलं. मग काकांच्या पाठीकडे. मागितलं मात्र नाही.

काकांनी गाडी बाजूला घेतली. उतरले. आणि स्वतःच्या हातानं, गोल गोल दांडा फिरवत, एकेक करत सगळ्या काचा खाली केल्या. काकूंच्या बाजूची सगळ्यात आधी.

बाहेरचं ऊन, धूळ, सगळं आत आलं. मला राहवेना. "काका, थंड हवा बाहेर जातेय!"

काका गाडी सुरू करत म्हणाले, "जाऊ दे. जिल्ह्यालाही लागू दे थोडी."